गोडं, खारं आणि मचूळ

१८ ऑगस्ट २००६ ची ती संध्याकाळ माहीममधल्या माझ्या पिढीतला कुणीच विसरलेला नाही. शुक्रवार होता. मगरिबची नमाज होऊन गेली होती आणि आमच्या चाळीच्या जिन्यावरून कुणीतरी ओरडत खाली गेलं की मखदूमबाबांच्या दर्ग्यामागे समुद्राचं पाणी गोड झालंय. पाच मिनिटांत अर्धी चाळ रिकामी झाली. कुणी बाटली घेतली, कुणी कळशी, कुणी लग्नात मिळालेला न वापरलेला थर्मास.

मी तेव्हा कॉलेजात रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होतो. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणं मला कमीपणाचं वाटत होतं. पण दादीनं पलंगावरून हाक मारली, "बाटली घे आणि जा. बाबांचं पाणी आण." दादीला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मी गेलो.

किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मुसलमान होते, कोळी होते, ख्रिस्ती होते, दादर-परळहून आलेले लोक होते. गुडघाभर पाण्यात उभं राहून लोक ओंजळीनं पीत होते, लहान मुलांना पाजत होते. आजूबाजूनं प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि कचरा तरंगत चालला होता, त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी बाटली बुडवली, भरली आणि कुणी बघत नाहीसं पाहून एक बोट जिभेला लावलं. पाणी खारं नव्हतं. साखरेसारखं गोडही नव्हतं. बेचव, किंचित खारट आणि गढूळ होतं.

घरी आल्यावर अब्बांनी बाटली हातातून काढून घेतली. "हे पाणी या घरात कुणी पिणार नाही," म्हणाले आणि कपाटावर ठेवून दिली. प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि महापालिका लोकांना तेच सांगत होती: पिऊ नका, गॅस्ट्रो होईल. अब्बांचं बरोबरच होतं. दादी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास किनाऱ्यावरची माणसं सांगू लागली की पाणी पुन्हा खारट झालं. गर्दी पांगली. तेव्हा दादी मला एवढंच म्हणाली, "मखदूमबाबांनी आईसाठी पाण्याचा कटोरा रात्रभर हातात धरला. तू आणलेलं कपाटावर ठेवू दिलंस."

त्यावर मला उत्तर सुचलं नाही. घरात समुद्राच्या पाण्याबद्दल दोन शब्द शास्त्राचे शिकलेला मी एकटा होतो, आणि मी तिला काहीच समजावून सांगितलं नाही. पाजलं नाही हे ठीकच झालं. पण का पाजलं नाही आणि त्या रात्री पाण्याला खरोखर काय झालं होतं, हे तिच्याजवळ बसून सांगायला हवं होतं. ते मी आज लिहितो आहे.

सुरुवात शब्दापासून करायला हवी, कारण निम्मा घोटाळा शब्दानं केला. मराठीत ज्या पाण्यात मीठ नाही ते 'गोडं पाणी'. गोड्या पाण्यातले मासे म्हणतो तेव्हा कुणाला साखर आठवत नाही. हिंदी-उर्दूतला 'मीठा पानी'ही तसाच. पण त्या रात्री बातमी तोंडोतोंडी फिरली, मग टीव्हीवर गेली, मग इंग्रजी वर्तमानपत्रात, आणि प्रत्येक टप्प्यावर गोडंचं गोड होत गेलं. मूळ दावा खरं तर साधा होता: समुद्राच्या काठाला हात घातला आणि पाणी खारं लागलं नाही. असं होऊ शकतं का? होऊ शकतं. माहीमला तर होतंच.

समुद्राचं पाणी किती खारं असतं? सरासरी एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. म्हणजे बाटलीभर पाण्यात सहा-सात चहाचे चमचे मीठ. सगळीकडे सारखं नाही. आपल्या अरबी समुद्रात नद्यांचं पाणी कमी येतं आणि उन्हानं वाफ जास्त होते, म्हणून त्याचा वरचा थर सरासरीपेक्षा खारट, ३६ ग्रॅमच्या आसपास. पलीकडे बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रा ओततात, तिथलं पाणी कमी खारं. एकाच देशाचे दोन किनारे, अक्षांश तोच, आणि चव वेगळी.

हे मीठ आलं कुठून? बरंचसं नद्यांनीच आणलं. पाऊस डोंगरावर पडतो, खडकातले क्षार थोडेथोडे विरघळवून खाली नेतो. नदीच्या पाण्यात ते जिभेला कळत नाहीत. पण समुद्रातून पाणी वाफ होऊन परत जातं आणि क्षार मागे राहतात. समुद्राच्या तळाशी असलेल्या ज्वालामुखी भेगांमधूनही काही क्षार येतात. आयर्लंडचे जॉन जोली यांनी १८९९ मध्ये हिशोब मांडला की नद्या दरवर्षी इतकं सोडियम आणतात आणि समुद्रात एकूण इतकं आहे, तर पृथ्वीचं वय किती? उत्तर आलं नऊ कोटी वर्षांच्या आसपास. उत्तर फारच चुकलं, कारण समुद्र मीठ नुसतं साठवत नाही, तळाच्या गाळात आणि खडकात परतही देतो. पण प्रश्न विचारायची ती रीत मला आवडते.

दुसरी एक गंमत आहे. पाणी कमी खारं असो की जास्त, मोकळ्या समुद्रात त्यातल्या मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण जवळपास तेच राहतं. सगळ्यात जास्त क्लोराइड, मग सोडियम, मग सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' नावाचं ब्रिटिश जहाज जगभर फिरलं आणि त्यानं जमवलेले पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञानं तपासले. १८८४ मध्ये त्यानं हा नियम पक्का केला. चॅलेंजर आपल्या अरबी समुद्रात मात्र आलं नव्हतं. ती उणीव पुढे एका इजिप्शियन जहाजानं भरून काढली. 'मबाहिस' हे त्याचं नाव. सप्टेंबर १९३३ मध्ये ते अलेक्झांड्रियाहून निघालं आणि पुढचे आठ-नऊ महिने अरबी समुद्राचं पाणी आणि तळ तपासत राहिलं. मोहिमेचा पैसा चॅलेंजरवरच्या जॉन मरे यांच्या मृत्युपत्रातला होता, प्रमुख सेमूर सेवेल इंग्रज होते, पण खलाशी इजिप्तचे, आणि पाण्याची तपासणी करणाऱ्यांत अब्देल फत्ताह मोहम्मद नावाचा तरुण होता. जहाजावरचे डॉक्टर हुसेन फौजी पुढे अरबीतले नामवंत लेखक झाले. आपल्या दारातल्या समुद्राची ही कहाणी आपल्या पाठ्यपुस्तकात मला कधी भेटली नाही.

आता वजन. खारं पाणी गोड्यापेक्षा जड. एक घनमीटर गोडं पाणी १००० किलो भरतं, समुद्राचं सुमारे १०२५. हे नवं ज्ञान नाही. मर्व शहरातल्या अल-खाझिनी या विद्वानानं हिजरी ५१५ मध्ये, म्हणजे ११२१ च्या सुमारास, तराजूवर एक अख्खा ग्रंथ लिहिला. त्यातल्या तक्त्यात गोडं पाणी १ धरलं तर समुद्राचं पाणी १.०४१ असा आकडा आहे. आजच्या मापापेक्षा किंचित जास्त, पण नऊशे वर्षांपूर्वीच्या तराजूसाठी फारच चांगला. शेकडा अडीचचा हा फरक ऐकायला छोटा वाटतो. पण एवढ्या फरकावर गोडं पाणी खाऱ्याच्या वर सायीसारखं पसरून राहतं. ढवळणारं कुणी नसेल तर तासन्‌तास राहतं.

माहीमच्या त्या रात्रीकडे आता परत जाऊ. माहीमच्या खाडीत मिठी नदी येते. ऑगस्टचा महिना, पावसाळा भरात. नदी गढूळ आणि गोडी. महापालिकेनं तेव्हाच अंदाज सांगितला होता की मिठीचं पाणी खाडीच्या तोंडाशी आल्यानं असं झालं असावं. आयआयटी मुंबईच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी दुसरी शक्यता मांडली: जोरदार पावसानंतर किनाऱ्यालगतच्या खडकांच्या भेगांत गोडं पाणी साचलं असावं, भेग रुंदावली आणि ते एकदम समुद्रात सुटलं, आणि हलकं असल्यानं वर पसरलं. दोन्ही खुलाशांत शेवटची पायरी एकच आहे: गोडं पाणी वर तरंगलं.

त्यात मी एक भर घालू इच्छितो. ती मला आमच्या वाड्याजवळ मासे विकायला बसणाऱ्या एका कोळणीकडून मिळाली. त्या आठवड्यात सगळे बाबांची करामत की मिठीची घाण यावर भांडत होते आणि ती बोंबील निवडता निवडता म्हणाली, "भांगाचं पाणी हाय ते. पावसात भांग लागला का खाडी मचूळ होतेच." तेव्हा मला ते कळलं नाही. उधाण म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती-ओहोटी, आणि भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान. उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरपर्यंत जातो. खाडीत एवढं पाणी आत-बाहेर करतं तेव्हा गोडं-खारं घुसळून निघतं. भांगाला समुद्राचा जोर कमी, घुसळण कमी, आणि वरची साय टिकते.

बऱ्याच वर्षांनी मी जुनं पंचांग काढून पाहिलं. २००६ ची नारळी पौर्णिमा ९ ऑगस्टला होती आणि पुढची अमावस्या २३ ला. गोकुळाष्टमी १६ ऑगस्टला होऊन गेली होती. म्हणजे १८ तारीख अष्टमीनंतरची दोन दिवसांची, अगदी भांगाची. त्याच महिन्यात पाऊस इतका होता की तापीच्या पुरानं सुरत बुडालं. माहीमची बातमी पसरल्यावर काही तासांतच गुजरातमध्ये वलसाडजवळ तिथलच्या किनाऱ्यावरही पाणी गोड झाल्याचं लोक सांगू लागले. कोळीण चंद्र पाहून बोलली होती.

आणि एक गोष्ट ओंजळीची. ओंजळ फक्त वरचं पाणी उचलते. त्या रात्री कुणी बाटली दोरीला बांधून थोडी आत, तळापर्यंत सोडून मग उघडली असती, तर बहुधा खारं पाणी वर आलं असतं. हजारो लोक एकाच जागी उभे राहून खरं तेच सांगत होते, पण समुद्राच्या फक्त वरच्या वीतभराबद्दल.

हे सगळं माहीमलाच का व्हावं? कारण माहीम आहेच दोन पाण्यांचं गाव. मुंबईच्या सात बेटांतलं हे उत्तरेकडचं टोक. पलीकडे साष्टी, मध्ये खाडी. बिंबराजानं इथं राजधानी केली असं महिकावतीची बखर सांगते. नंतर गुजरातच्या सुलतानांचं ठाणं, मग पोर्तुगीज, मग इंग्रज. ज्याला उत्तर कोकणचा व्यापार हातात हवा होता त्याला ही खाडी हवी होती. आत नदी, बाहेर समुद्र. गलबताला आत आडोसा, आणि काठावर खोदलं तर विहिरीला गोडं पाणी. खलाशाला एवढंच हवं असतं.

मखदूम फकीह अली माहिमी याच गावचे. त्यांचं घराणं नवायत, म्हणजे समुद्रावर पोट असलेल्या व्यापारी मुसलमानांचं. हिजरी ८३५ मध्ये ते वारले, त्यांची कबर आणि शेजारी आईची कबर आज दर्ग्यात आहे. लोकांना ते करामतीसाठी माहीत आहेत. पण ते आधी विद्वान होते. कुराणावर त्यांनी अरबीत भाष्य लिहिलं, एका आयतीचा पुढच्या आयतीशी संबंध काय हे उलगडून दाखवणारं. इब्न अरबी या सूफी तत्त्वज्ञावर त्यांची टीका आहे. कोकणच्या काठावर बसून पंधराव्या शतकात हे काम झालं आणि आपण त्यांच्या नावाचा मेळाच तेवढा लक्षात ठेवला.

त्यांच्याबद्दलच्या दोन आख्यायिका प्रत्येक माहीमकराला ठाऊक आहेत. एक दादीनं मला सुनावलेली: आईनं रात्री पाणी मागितलं, मुलगा कटोरा भरून आणेपर्यंत तिचा डोळा लागला, आणि तो पहाटेपर्यंत कटोरा धरून उभा राहिला. दुसरी अशी की बाप गेल्यावर या मुलाला समुद्रकाठी स्वतः खिज्र येऊन शिकवत. खिज्र म्हणजे कोण? कुराणात हजरत मूसा ज्या ज्ञानी माणसाच्या शोधात निघतात तो. आणि तो त्यांना कुठे भेटतो? जिथं दोन समुद्र मिळतात तिथं. माहीमच्या लोकांनी खिज्रला आपल्या खाडीवर आणून बसवलं हे उगीच नव्हे. आपलं गाव कुठे आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं.

ते ज्ञान हळूहळू गेलं. मला त्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकात दिसते. माहीम ते वांद्रे जाणं म्हणजे दलदल आणि होडी. जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले, पथकर घ्यायचा नाही अशी अट घातली, आणि १८४० च्या दशकात माहीमचा कॉजवे उभा राहिला. पुण्याचंच काम ते. माझं रोजचं येणं-जाणं त्यावरूनच होतं. पण खाडीचं रुंद तोंड तेव्हा पहिल्यांदा आवळलं गेलं. मग शहराला पिण्याचं पाणी पुरेना, तेव्हा मिठीच्या उगमाकडे बांध घालून १८६० मध्ये विहार तलाव झाला, पुढे पवई. मिठीचं वरचं स्वच्छ पाणी अडलं. नदी उरली ती तलाव भरून वाहिल्यावरची. तिच्या काठावर कारखाने आले, गटारं जोडली गेली, विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिचा प्रवाह वळवला गेला, वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खाजण भरलं गेलं. सतरा-अठरा किलोमीटरची नदी, आणि शहर तिला नाला म्हणू लागलं.

तिचं नावही बघा. मराठीत मिठी म्हणजे कवेत घेणं. हिंदीत मीठी म्हणजे गोड. आणि मराठी मिठापासून ती एका वेलांटीच्या अंतरावर. नाव कशावरून पडलं याच्या वादात मी जात नाही. तिन्ही अर्थ तिला लागू पडतात एवढं खरं.

कपाटावरच्या बाटलीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. आठ-दहा दिवसांनी मी ती खाली काढली. वर पाणी नितळ झालं होतं आणि तळाशी बोटाच्या पेराएवढा करडा चिखल बसला होता. नदीच्या पाण्यातले मातीचे कण इतके बारीक असतात की एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. खारं पाणी मिसळलं की ते दूर ढकलणं थांबतं, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. म्हणून नदी समुद्राला मिळते तिथेच चिखल साठतो. माहीमच्या खाडीचा तळ असाच बनला आहे. त्या चिखलावर तिवरं उभी राहतात, आणि तिवरांच्या मुळांत आणखी चिखल अडतो.

अल-बिरुनीनं हजार वर्षांपूर्वी हिंदुस्तानावरच्या ग्रंथात हेच मोठ्या मापानं पाहिलं होतं. डोंगराजवळ नदीतले दगड मोठे आणि गोल, पुढे लहान, मुखाशी नुसती रेती. त्यावरून त्यानं ताडलं की उत्तरेचं मैदान म्हणजे एकेकाळचा समुद्र, नद्यांनी भरून काढलेला. जमीन समुद्राची होते आणि समुद्र जमिनीचा. मुंबईत याचा उलटा पुरावा सापडला. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉकसाठी खोदताना भरतीच्या रेषेखाली, चिखलाच्या थराखाली, खैराच्या झाडांची खोडं उभीच्या उभी मिळाली. जिथं गलबतं लागायची तिथं कधी रान होतं. त्याहून मागे जायचं तर सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होती. १९७४ मध्ये ज्या बॉम्बे हायला तेल लागलं ते किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत आहे, पण तिथं पाणी जेमतेम ७५ मीटर. म्हणजे तेव्हा माहीमहून चालत तिथवर जाता आलं असतं. आपल्यासमोरचा समुद्रतळ हा बुडालेला कोकणच आहे. खरा खोल समुद्र त्या रुंद उथळ पायरीच्या पलीकडे सुरू होतो.

पाण्याची ही आठवण शहरानं पुसली, पाण्यानं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वरून मिठी आली, खालून भरती आली, आणि मध्ये आपण भरून काढलेली जमीन. गोड्या-खाऱ्याची गाठ घरांत पडली. शेकडो माणसं गेली. मग ११ जुलै २००६. लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट, त्यातला एक माहीमला. १८० हून अधिक माणसं मेली. नंतरचे दिवस आम्ही कसे काढले हे माहीमच्या मुसलमानांना सांगायला नको. दाराची कडी वाजली की घर गप्प व्हायचं. ट्रेनमध्ये बॅग वर ठेवताना हात थबकायचा. कोणी काही बोललं नाही तरी नजर कळायची.

त्यानंतर सव्वा महिन्यानं पाणी गोड झालं. लोकांनी नंतर आमची बरीच चेष्टा केली. दोनच दिवसांनी उत्तर भारतात मूर्ती दूध प्यायल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा ती थोडी विभागली गेली. चेष्टेत तथ्य होतं, मी नाकारत नाही. सांडपाण्याची खाडी पिणं हा श्रद्धेचा भाग होऊ शकत नाही. मखदूमबाबा फकीह होते, धर्मशास्त्राचे जाणकार. वुजूला कोणतं पाणी चालतं आणि कोणतं नाही, हा त्यांच्या शास्त्रातला अगदी पहिला धडा. ते असते तर त्यांनी आधी पाण्याचा रंग, वास आणि चव पाहिली असती.

पण चेष्टा करणाऱ्यांचा आणि आमच्यातल्या उत्साही मंडळींचा एक घोटाळा सारखाच आहे. दोघांनाही पाण्यात पक्की भिंत हवी असते. आज व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो फिरतो: समुद्रात मधोमध रेघ, एका बाजूला निळं पाणी, दुसऱ्या बाजूला मळकट. खाली लिहिलेलं असतं की कुराणात सांगितलेले न मिसळणारे दोन समुद्र हेच. फोटो अलास्काच्या आखातातला आहे. मळकट पाणी हिमनद्यांच्या पिठासारख्या गाळाचं, आणि ते शेवटी मिसळतंच. सूरह फुरकान आणि सूरह रहमानमध्ये दोन पाण्यांचा आणि त्यांच्यामधल्या 'बरज़ख'चा उल्लेख आहे हे खरं. पण बरज़ख म्हणजे विटांची भिंत असा अर्थ मखदूमबाबांच्या परंपरेनं कधी केला नाही. इब्न अरबीच्या वाचनात बरज़ख ही मधली जागा आहे, दोघांना वेगळं ठेवणारी आणि त्याच वेळी दोघांची असणारी. मला वाटतं, खाडीकाठच्या माणसाला हा अर्थ समजावा लागला नसेल. त्याच्याकडे त्यासाठी रोजचा शब्द होता. मचूळ.

हे सगळं मी दादीला अखेर सांगितलं, बरंच उशिरा, २००६ नंतर पाच-सहा वर्षांनी. ती बाणकोट खाडीच्या काठावर वाढलेली. मी घनता आणि थर समजावू लागलो तर म्हणाली, हे तर आमच्या विहिरीला पण होतं. उन्हाळ्यात फार उपसली की खालून खारं वर यायचं, म्हणून तिची आई चार घागरींवर पाचवी काढू द्यायची नाही. पहिल्या पावसानंतर खाडीचं पाणी बदललं की मासे बदलायचे. तिला भांग माहीत होता, उधाण माहीत होतं. मी तिला जे शिकवायला बसलो होतो त्यातलं निम्मं तिला लहानपणापासून येत होतं, फक्त ३५ चा आकडा सोडून.

मग मी विचारलं की एवढं माहीत होतं तर मला बाटली घेऊन का पाठवलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "स्फोट झाल्यापासून तू आठनंतर घराबाहेर पडत नव्हतास. तुझे अब्बा पडू देत नव्हते. त्या दिवशी खिडकीतून बघितलं तर सगळं माहीम समुद्रावर चाललं होतं. म्हटलं, तू पण जा."